धडधड मोजून भीती कळत नाही

ब्रिटनमध्ये इंटरनेट जोडण्यांचे दर ताडून पाहायला मदत करणारं एक संकेतस्थळ होतं. २०२० साली त्याने पन्नास प्रेक्षकांना भयपट दाखवले, हृदयाचे ठोके मोजणारी यंत्रं त्यांना लावली आणि आलेल्या आकड्यांवरून एक यादी जाहीर केली. उपक्रमाचं नाव ‘सायन्स ऑफ स्केअर’. प्रेक्षकांचे ठोके एरवी मिनिटाला सरासरी ६५ होते. स्कॉट डेरिक्सनचा ‘सिनिस्टर’ (२०१२) पाहताना ते ८६ वर गेले. तेवढ्यावर ‘सिनिस्टर’ जगातला सर्वांत भीतिदायक चित्रपट ठरला. लॉकडाउनमध्ये झूमवर चित्रित झालेल्या ‘होस्ट’ने पुढच्या वर्षी तो मान पटकावला. तेव्हापासून ही यादी पुन्हा पुन्हा वर येते आणि दर वेळी तिच्यासोबत एकच वाक्य असतं: हे आता विज्ञानाने सिद्ध झालं आहे.

हे सिद्ध झालेलं नाही. त्या यंत्रांनी जे मोजलं ते दचकणं होतं, आणि दचकण्याला भीतीच्या गादीवर बसवण्याचा हा उद्योग भयपटाचं मोठं नुकसान करतो आहे. यादीतल्या चित्रपटांशी माझं वैर नाही. त्यातले काही मला मनापासून आवडतात. भांडण आहे ते मोजपट्टीशी.

आधी शरीराचं पाहू. अचानक मोठा आवाज झाला की पापण्या मिटतात, मान खांद्यांत शिरते, हात छातीशी येतात. काय झालं हे कळायच्या आतच हे होऊन जातं. यात माणसाची समजूत, धीर, अनुभव यांतलं काहीही आड येत नाही. चार्ल्स डार्विनने हे स्वतःवर करून पाहिलं होतं. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात एका विषारी सापाच्या पेटीच्या जाड काचेला त्याने चेहरा जवळजवळ टेकवला आणि सापाने झेप घेतली तरी मागे हटायचं नाही असा निश्चय केला. सापाने काचेवर तोंड आपटलं आणि डार्विन विजेच्या वेगाने दोनेक हात मागे उडाला. भावनांच्या आविष्कारावरच्या १८७२ च्या पुस्तकात त्याने हे प्रांजळपणे नोंदवलं आहे. काच भक्कम आहे हे त्याला पक्कं ठाऊक होतं. ठाऊक असण्याचा उपयोग झाला नाही. त्या क्षणी त्याच्या अंगावर हे यंत्र असतं, तर काचेमागचा तो साप यादीत वरच्या क्रमांकावर आला असता.

आता दुसरी बाजू, जी यादीवाले सांगत नाहीत. धोका समोर दिसतो आहे पण अजून अंगावर आलेला नाही, अशा वेळी प्राणी थिजतो. सगळं लक्ष एकवटतं, हालचाल थांबते आणि हृदयाचे ठोके मंदावतात. माणसांना अंगावर काटा आणणारी छायाचित्रं दाखवून केलेल्या प्रयोगांतही हेच दिसलं आहे: चित्र पाहताना ठोके आधी खाली येतात. म्हणजे प्रेक्षक श्वास रोखून पडद्याकडे पाहत असतो, शेजारच्याचा हात त्याने नकळत घट्ट धरलेला असतो, अगदी त्याच वेळी यंत्रावरचा आकडा उतरत असण्याची दाट शक्यता आहे. मग वरून सरासरी काढायची! दोन तास माणसाला आतून पोखरत नेणारा चित्रपट या हिशेबात सपाट ठरतो आणि दर दहा मिनिटांनी कानात ढोल वाजवणारा जिंकतो.

‘द एक्झॉर्सिस्ट’ २६ डिसेंबर १९७३ ला अमेरिकेत लागला तेव्हा चित्रपटगृहांत लोक भोवळ येऊन पडल्याच्या बातम्या गाजल्या. गंमत म्हणजे, भोवळ आणणारं दृश्य म्हणून सर्वाधिक उल्लेख होतो तो रुग्णालयातल्या तपासणीचा. तिथे सैतान नाही, मंत्र नाहीत, फिरणारी मान नाही. मुलीच्या मेंदूची तपासणी करण्यासाठी तिच्या मानेत सुई घालतात, रक्त उडतं, यंत्रं खडखडतात, आणि आई काचेपलीकडे उभी असते. रक्त किंवा सुई पाहून ज्यांना भोवळ येते त्यांचे ठोके आधी किंचित वाढतात आणि मग झपकन उतरतात. रक्तदाब पडतो म्हणून तर माणूस कोसळतो. भीतीने जमिनीवर पडलेला तो प्रेक्षक या यादीच्या तर्काने शांत प्रेक्षक ठरेल. कांदा चिरताना डोळ्यांना धार लागते, पण त्या पाण्यावरून कुणी दुःखाचं मोजमाप करत नाही. ठोक्यांवरून भीतीचं मोजमाप मात्र विज्ञान म्हणून खपवलं जातं.

आपल्याकडे हा घोळ व्हायचं कारणच नव्हतं. भरताच्या नाट्यशास्त्रात भयानक रसाचा स्थायी भाव ‘भय’ आहे, आणि ‘त्रास’ हा त्याहून वेगळा, येऊन-जाऊन असणाऱ्या तेहतीस व्यभिचारी भावांपैकी एक. आजच्या बोलीतला त्रास इथे डोक्यात आणायचा नाही. वीज पडली, मेघ गडगडला, जनावराने डरकाळी फोडली की अंग आखडतं, शहारतं, तो हा त्रास. तो येतो आणि जातो. भय राहतं. भयाची कारणं सांगताना भरत ओसाड घर, अरण्य, घुबडाचा-कोल्ह्याचा आवाज, भुताचं दर्शन यांच्याबरोबर आणखी एक कारण देतो, ज्याच्याकडे भयपटाविषयी बोलताना आपण कधी पाहत नाही: गुरुजनांचा किंवा राजाचा अपराध. म्हणजे बाहेर काहीही नसताना, आपल्याच माणसांच्या बाबतीत आपल्या हातून काही घडलं आहे या जाणिवेचं भय. लोकांना सर्वांत जास्त घाबरवणाऱ्या चित्रपटांचं मर्म मला या शेवटच्या कारणात सापडतं. ओसाड घर आणि घुबड ही त्याची सजावट.

या यादीच्या अग्रभागी असलेला ‘सिनिस्टर’च घ्या. त्यात दचकवणारी दृश्यं आहेत आणि ती चोख बसली आहेत. गवत कापायच्या यंत्राचं दृश्य पाहून खुर्चीत न उडालेला माणूस मला भेटलेला नाही. पण चित्रपट सुरू होतो तो कुठल्याही आवाजी धक्क्याविना. जुन्या सुपर-एट फिल्मवर मागच्या अंगणातलं एक झाड, त्याच्या फांदीला दोर, तोंडावर पिशव्या बांधलेलं चौघांचं कुटुंब, आणि दुसरी फांदी करवतीने कापली जाताना हळूहळू वर ओढले जाणारे ते चार देह. मग इथन हॉकने रंगवलेला लेखक बायकामुलांना घेऊन एका नव्या घरात राहायला येतो. अंगणात तेच झाड आहे. त्याला ते माहीत आहे. या खुनांवर पुस्तक लिहायचं म्हणूनच तो आला आहे. बायकोला त्याने सांगितलेलं नाही. पुढचा सगळा वेळ आपल्याला वाटत राहणारी धास्ती त्या माळ्यावरच्या राक्षसाची जितकी आहे, तितकीच या न सांगण्याची आहे. बाई स्वयंपाकघरात वावरते, मुलं खोल्या वाटून घेतात आणि आपण एका माणसाच्या लबाडीत सामील होऊन बसलेले असतो. हे कुठल्या यंत्रावर उमटणार?

त्याच पाहणीत एका क्षणाला ठोके सर्वांत वर, १३३ पर्यंत गेले ते ‘इन्सिडियस’ (२०१०) मध्ये. दिवसाउजेडी जेवणाच्या टेबलाशी बसलेल्या नायकाच्या पाठीमागे लाल तोंडाचा तो चेहरा दिसतो, तो क्षण. पण त्याच्या आधी काय आहे? नायकाची आई सावकाश आपलं स्वप्न सांगते आहे. ती घरात शिरली, नातवाच्या खोलीत गेली, कोपऱ्यात कुणीतरी उभं होतं. जवळजवळ कुजबुजल्यासारखं ती सांगते, आणि ते ऐकता ऐकता आपण त्या खोलीत जाऊन पोचतो. घाबरलेला माणूस अधिक जोराने दचकतो, हे प्रयोगशाळेतही दिसलेलं आहे. त्या १३३ ठोक्यांची कमाई त्या आजीच्या कथनाची आहे. श्रेय गेलं तारसप्तकात किंचाळणाऱ्या वाद्यांना.

माझं म्हणणं उघड मांडतो. जे भयपट लोकांच्या अंगात मुरतात, त्यांत बहुतेक वेळा असं एक माणूस असतं ज्याच्यावर विसंबून बाकीचे वावरत असतात, आणि त्या माणसाला काहीतरी ठाऊक असतं. ते सांगत नाही. भूत, शार्क, चेटकीण ही त्या मौनाची शिक्षा घेऊन येतात.

हे सर्वांत निर्दयपणे दाखवलं आहे ‘रोझमेरीज बेबी’ने (१९६८). आयरा लेव्हिनच्या कादंबरीवरचा रोमान पोलान्स्कीचा हा चित्रपट ठोक्यांच्या शर्यतीत पार मागे पडेल. त्यात अंगावर काही उडी मारत नाही. न्यूयॉर्कमधल्या एका जुन्या इमारतीत एक तरुण जोडपं राहायला येतं. नवरा नट आहे, कामाच्या शोधात आहे. शेजारी एक म्हातारं जोडपं. बाई जरा आगाऊ, दार ठोठावून आत येणारी, आणून खाऊ घालणारी. ज्याला भूमिका मिळाली होती तो नट अचानक आंधळा होतो आणि ती भूमिका नवऱ्याला मिळते. रोझमेरीला दिवस जातात. तिने स्वतः निवडलेला तरुण डॉक्टर बाजूला पडतो, शेजाऱ्यांच्या ओळखीचा नामांकित डॉक्टर ठरतो. शेजारीण रोज औषधी वनस्पतींचं पेय करून आणते आणि ते संपेपर्यंत समोर उभी राहते. रोझमेरी वाळत जाते, दिवसरात्र दुखतं, आणि प्रत्येकजण प्रेमाने सांगतो की हे असंच असतं. मराठी घरात वाढलेल्या कुठल्याही बाईला हे चित्र समजावून सांगावं लागणार नाही. गरोदर बाईचं शरीर हे सगळ्या आळीचं होऊन जातं. काय खायचं, कुठे निजायचं, कुणाला दाखवायचं, हे ती सोडून सगळे ठरवतात, आणि ते सगळे तिचे हितचिंतक असतात.

शेवटाकडे रोझमेरी पळून आपल्या पहिल्या, तरुण डॉक्टरकडे पोचते. भर उकाड्यात, जड पोटाने. ती त्याला सगळं सांगते: नवरा, शेजारी, तो दुसरा डॉक्टर. तो शांतपणे ऐकतो, रुग्णालयात सोय करतो म्हणतो, तिला पडायला सांगतो. तिला पहिल्यांदा झोप लागते. दार उघडतं आणि नवरा व तो नामांकित डॉक्टर आत येतात. तरुण डॉक्टरनेच फोन केलेला असतो. तो कटात नाही. तो सज्जन आहे. एका घाबरलेल्या गरोदर बाईच्या शब्दापेक्षा एका प्रतिष्ठित सहव्यावसायिकाचा शब्द त्याला भरवशाचा वाटला, इतकंच. मला माहीत असलेल्या भयपटांतला हा सर्वांत भयंकर क्षण आहे. दार उघडण्याचा आवाजसुद्धा त्यात मोठा नाही. त्यावेळी माझे ठोके किती होते मला ठाऊक नाही आणि ते विचारणं गैरलागू आहे.

‘जॉज’ (१९७५) शार्कचा चित्रपट म्हणून ओळखला जातो, आणि समुद्राच्या खाऱ्या पाण्यात यांत्रिक शार्क वारंवार बिघडत असल्यामुळे दिग्दर्शक स्पीलबर्गला ती फारशी दाखवता आली नाही, ही कथा सर्वांना पाठ आहे. पण त्या बेटावरच्या लोकांचा घात कोण करतं? पहिली मुलगी मेल्यावर पोलीसप्रमुख ब्रोडी किनारा बंद करायला निघतो. महापौराला चार जुलैचा हंगाम बुडू द्यायचा नसतो. मृत्यूची नोंद बोटीच्या अपघाताची होते, ब्रोडी गप्प बसतो आणि एक लहान मुलगा जातो. त्याची आई काळ्या वेशात येते आणि ब्रोडीच्या कानाखाली मारते: तुला माहीत होतं. पाण्याखालून सरकणारा कॅमेरा आणि संगीतकार जॉन विल्यम्सचे ते दोन सूर आपल्याला पाण्याबाहेर ठेवतात खरे. पण किनाऱ्यावर फिरणाऱ्या माणसांच्या सुरक्षिततेची हमी ज्याच्याकडे आहे तोच हिशेब करतो आहे, हे कळल्यावर पाण्यात पाय घालवत नाही. धोक्याचा फलक कुणाच्या तरी सोयीसाठी काढून ठेवलेला असू शकतो, हे कळायला शार्क लागत नाही.

राम गोपाल वर्माच्या ‘भूत’मध्ये (२००३) हेच मुंबईच्या उंच इमारतीत घडतं. अजय देवगणचा विशाल जागा बघायला जातो तेव्हाच त्याला कळलेलं असतं की आधीची भाडेकरू बाई बाल्कनीतून पडून मेली. जागा चांगली आहे, तो असल्या गोष्टी मानत नाही. ऊर्मिला मातोंडकरच्या स्वातीला तो सांगत नाही. एकही गाणं नसलेल्या त्या चित्रपटानंतर रात्री लिफ्टने एकटं जायला नको म्हणून जिने चढणारी माणसं मी पाहिली आहेत. आपण राहतो त्या जागेत आपल्याआधी काय झालं हे दलाल सांगत नाही, सोसायटी सांगत नाही, आणि घरातल्या माणसालाही ठाऊक असून तो सांगेलच असं नाही. मुंबईत घर घेताना हा विचार न आलेला माणूस विरळा.

‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’ (१९९९) पाहून ‘यात तर काही दिसतच नाही’ म्हणणाऱ्यांचं मला नेहमी आश्चर्य वाटतं. तीन तरुण रानात दिवसभर एका दिशेने चालतात आणि संध्याकाळी सकाळच्याच ओंडक्याशी येऊन पोचतात. आपल्या खेड्यांत याला चकवा लागणं म्हणतात, आणि कोकणात किंवा विदर्भात वाढलेल्या माणसाला त्यासाठी चेटकीण पाहायची गरज पडत नाही. पण या रानातल्या चकव्याला एक माणूसही कारण आहे. नकाशा हरवलेला असतो, तिघं एकमेकांवर आरोप करतात, आणि मग त्यांच्यातलाच एक हसत सुटतो आणि कबूल करतो की नकाशा त्यानेच ओढ्यात लाथाडला. त्या हसण्यापासून पुढे मला भीती वाटू लागली.

आणि जपानी ‘रिंगू’ (१९९८). टीव्हीतून बाहेर येणारी सादाको सगळ्यांच्या लक्षात आहे. अभिनेत्रीला उलटं चालायला लावून ते चित्रण उलट फिरवल्याने तिच्या अंगाला ती विचित्र लय आली आहे. मात्र चित्रपट तिथे संपत नाही. पाहणाऱ्याचा जीव घेणाऱ्या व्हिडिओ टेपच्या शापातून वाचायचा उपाय नायिकेला कळतो: टेपची प्रत करायची आणि दुसऱ्या कुणाला तरी दाखवायची. ती आपल्या मुलाला वाचवण्यासाठी टेप घेऊन गाडीने निघते ती स्वतःच्या वडिलांकडे. आतापर्यंत दुसरे लपवत होते, आता जिच्या बाजूने आपण होतो तीच लपवणार. आणि आईबापांपैकी कुणी म्हणेल, मीही हेच केलं असतं.

एका चित्रपटाला हे सूत्र लागू होत नाही, हे मान्य करतो. टोब हूपरच्या ‘द टेक्सास चेनसॉ मॅसेकर’मध्ये (१९७४) कुणी काही लपवत नाही, तिथे भीती आहे ती माणूस खाटकाच्या दुकानातलं मांस होण्याची. रक्त त्यात लोकांना आठवतं त्यापेक्षा फारच कमी दिसतं. त्याची जात वेगळी आहे.

यावर एक उत्तर मला नेहमी मिळतं: ही तुमची आवड झाली, ठोके निदान वस्तुनिष्ठ आहेत. पण ठोक्यांखेरीज पुरावा नाही असं कुणी सांगितलं? विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या जोआन कँटर यांनी वर्षानुवर्षं विद्यार्थ्यांकडून लहानपणी घाबरवून गेलेल्या चित्रपटांच्या आठवणी लिहून घेतल्या. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ‘पोल्टरगाइस्ट’, ‘जॉज’, ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’ आणि ‘स्क्रीम’ ही नावं पुन्हा पुन्हा आली. ‘जॉज’ पाहिलेल्यांना समुद्र सोडाच, तळ्यात आणि पोहण्याच्या तलावातही उतरायला नको वाटत होतं. तलावात शार्क नसते हे त्यांना डार्विनच्या काचेइतकंच पक्कं ठाऊक होतं. मात्र इथे प्रतिक्रिया सेकंदात विरलेली नाही. वर्षं गेली तरी टिकली आहे. ‘सायको’त शॉवरखाली मारली जाणारी अभिनेत्री जॅनेट ली त्यानंतर स्वतः शॉवरखाली जायला कचरू लागली, आणि तिने तर ते दृश्य तुकड्या-तुकड्यांनी, दिव्यांच्या झगझगाटात, माणसांच्या गराड्यात चित्रित होताना पाहिलं होतं. भीती मोजायचीच असेल तर महिन्याने, वर्षाने विचारायला हवं: घरातली कुठली गोष्ट तुम्ही आता वेगळ्या तऱ्हेने करता? कुठलं दार दोनदा पाहता? एका संध्याकाळी छातीला पट्टा बांधून हे कळणार नाही.

दुसरं उत्तर असं, की जुने चित्रपट आता कुणाला घाबरवत नाहीत. म्हणून तर २०२० च्या यादीत पहिल्या दहांत एकविसाव्या शतकाआधीचा एकही नव्हता. नव्हता, कारण मोजपट्टीच कानाशी बांधलेली होती. ध्वनियंत्रणा सुधारली, आवाजाचे धक्के अधिक खोल बसू लागले. ‘रोझमेरीज बेबी’तल्या डॉक्टरचं ते दार म्हातारं व्हायचं असेल, तर आधी बाईचं म्हणणं ऐकून घेणारे डॉक्टर, नवरे आणि शेजारी सगळीकडे हवेत. ‘हेरेडिटरी’ (२०१८) त्या यादीत वर होता, याचा दाखला मला दिला जातो. हो, होता. त्यातली सर्वांत असह्य मिनिटं मात्र जवळजवळ शांत आहेत: गाडी चालवणाऱ्या भावाला मागच्या सीटवर बहिणीचं काय झालं ते कळलेलं आहे, तो मागे वळून पाहत नाही, घरी येतो, कुणाला न उठवता अंथरुणात शिरतो, आणि सकाळी आई गाडीशी जाते ते आपण त्याच्या चेहऱ्यावरून ऐकतो. तो मुलगा वाईट नाही. त्याला सांगता आलं नाही.

दचकवण्याची कला हलकी आहे असं मी म्हणत नाही. १९४२ च्या ‘कॅट पीपल’मध्ये रात्री उद्यानाच्या भिंतीकडेने एक बाई चालत असते, मागच्या टाचांचा आवाज थांबतो, ती धावू लागते आणि फिस्सकन आवाज करत पडद्यात घुसते ती बस. निर्माता व्हॅल ल्यूटनच्या नावाने असल्या धक्क्याला ‘ल्यूटन बस’ म्हणू लागले. पण तो धक्का सुटकेचा आहे. भीती आधीच्या टाचांत आहे. आजचे अनेक चित्रपट बस तेवढी ठेवतात आणि टाचा गाळतात.

शिवाय, ठोक्यांच्या या हिशेबात पुस्तकाचं काय करायचं? छापील पानाला आवाज नसतो, ते कानाशी येऊन किंचाळू शकत नाही. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांनी मराठी वाचकांच्या पिढ्यांना दिवा लावून झोपायला लावलं ते एकाही ढोलाशिवाय. वाचकाने पान मिटून ठेवावं, पाणी पिऊन यावं, पुन्हा उघडावं, तरी भीती जागच्या जागी. धारपांच्या गोष्टीची प्रेरणा राही बर्वे यांच्या ‘तुंबाड’पर्यंत (२०१८) पोचली, आणि त्या चित्रपटात सर्वांत जास्त घाबरवते ती एका बापाची हाव, जी तो मुलाला वारशात देऊन जातो. महेश कोठारे यांचा ‘झपाटलेला’ (१९९३) तर विनोदी. तरी त्यातल्या बाहुल्याने कितीतरी मुलांची झोप उडवली, कारण लक्ष्या जिवाच्या आकांताने सांगत असतो आणि त्याचं कुणी ऐकत नाही.

म्हणून मराठी भयपटाच्या परीक्षणात ‘पुरेसे दचके नाहीत’ असं वाचलं की मला राग येतो. विशाल फुरिया यांचा ‘लपाछपी’ (२०१७) बघा. पूजा सावंतची गरोदर नेहा नवऱ्याबरोबर उसाच्या रानातल्या एका एकाकी घरी येते. बराचसा चित्रपट भर उन्हात घडतो. उषा नाईक यांची तुळसाबाई तिला मायेने जेवू घालते, जपते, कुठे जायचं आणि कुठे नाही ते सांगते. डोक्यावर उंच वाढलेल्या उसात दहा पावलांवरचं माणूस दिसत नाही, हे पश्चिम महाराष्ट्रात कुणाला शिकवावं लागत नाही, तसं त्या घरात काय दडलं असेल हेही शिकवावं लागत नाही. महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे २००१ च्या जनगणनेत ९१३ मुली होत्या, २०११ मध्ये ८९४ राहिल्या. गर्भलिंगनिदानाला बंदी करणारा कायदा १९९४ चा. हा आकडा कुठल्या भुताने खाली आणलेला नाही. सुईणीला ठाऊक होतं, सासूला ठाऊक होतं, सोनोग्राफीच्या खोलीबाहेर बाकावर बसलेल्यांना ठाऊक होतं. तुळसाबाईच्या मायेमागे काय आहे हे उलगडू लागतं तेव्हा प्रेक्षागृहातली प्रौढ माणसं खुर्चीत उडत नाहीत. त्यांतल्या अनेकांनी अशा घरात कधीतरी पाहुणचार घेतलेला असतो आणि काही विचारलेलं नसतं. त्यांचे ठोके मिनिटाला ७० च्या पुढे गेले नाहीत म्हणून तो चित्रपट कमी भीतिदायक ठरवायचा, तर ठरवणाऱ्याने आधी त्या बाकावर जाऊन बसावं.